एकोणतीस अंकांची मनुष्यराशी
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



जैन आगम व सिद्धांतग्रंथांच्या स्वाध्यायात पदोपदी संख्या भेटतात. द्वीप-समुद्रांचे विस्तार, पल्योपम व सागरोपम यांचे काळ, जीवांच्या राशी अशा कितीतरी विषयांची मांडणी संख्येवाचून होऊच शकत नाही. या अवाढव्य संख्यांविषयी समाजात साधारणतः दोन भूमिका दिसतात. काहीजण श्रद्धेने त्या वाचतात आणि पुढील पानाकडे वळतात. काहीजण, विशेषतः तरुण पिढी, त्या अतिशयोक्त समजून बाजूला ठेवतात. दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे: संख्या तपासून पाहण्याचे कष्ट कोणीच घेत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणून अशीच एक संख्या निवडली आहे. तिची फोड करून तिचे गणिती गुणधर्म पाहिले म्हणजे या राशींमागे किती शिस्तबद्ध विचार उभा आहे, हे सहज ध्यानात येईल.

ती संख्या अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

एकूण अंक २९. ही मनुष्यराशी होय. श्वेतांबर परंपरेतील अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची जघन्यपदी, म्हणजे कमीत कमी, संख्या सांगताना हिचे वर्णन येते. दिगंबर परंपरेत दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसार जीवकांडात पर्याप्त मनुष्यांची संख्या म्हणून हीच राशी अंकशः दिलेली आहे. दोन परंपरा, दोन ग्रंथ आणि सांगण्याच्या दोन अगदी भिन्न पद्धती. तरी एकोणतीसपैकी एकाही अंकाचा फरक नाही. सुवर्ण महोत्सवासारख्या प्रसंगी, सर्व आम्नायांचे श्रावक एकत्र जमलेले असताना, या संख्येचे स्मरण म्हणूनच औचित्यपूर्ण ठरते.

संख्या सांगण्याच्या तीन रीती

अनुयोगद्वार सूत्र ही राशी अंकांत लिहीत नाही. ती कशी मिळवावी हे सांगते, आणि तेही एकाहून अधिक प्रकारांनी.

पहिला प्रकार स्थानांचा. आठ अंकस्थानांच्या एका गटाला यमलपद अशी संज्ञा आहे. मनुष्यराशी तिसऱ्या यमलपदाच्या वर आणि चौथ्या यमलपदाच्या खाली आहे, असे वर्णन येते. तीन यमलपदे म्हणजे २४ स्थाने आणि चार म्हणजे ३२. एकोणतीस स्थानांची संख्या या दोहोंमध्ये बरोबर बसते.

दुसरा प्रकार वर्गांचा. दोनपासून आरंभ करून वर्गाचा वर्ग करीत जावे. २ चा वर्ग ४ हा पहिला वर्ग. ४ चा वर्ग १६ हा दुसरा. १६ चा वर्ग २५६ हा तिसरा. २५६ चा वर्ग ६५,५३६ हा चौथा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ हा पाचवा, आणि पाचव्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ हा सहावा. पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गाला गुणावे, म्हणजे मनुष्यराशी येते. सिद्धांतग्रंथांत या वर्गांना स्वतंत्र नावेही आहेत. चौथा वर्ग ‘पण्णट्ठी’, पाचवा ‘बादाल’ आणि सहावा ‘एकट्ठी’. ही नावे आरंभीच्या अंकांवरून पडली आहेत: पण्णट्ठीत पासष्ट आहे, बादालात बेचाळीस आहे, एकट्ठीत एक आणि आठ आहेत. दहा अंकांची किंवा वीस अंकांची संख्या एका शब्दात स्मरणात ठेवण्याची ही युक्ती किती सुटसुटीत आहे, हे सांगावयास नकोच.

तिसरा प्रकार छेदनकांचा. जिला शहाण्णव वेळा निम्मे करता येते, ती ही राशी. निम्मे करावे, आलेल्याचे पुन्हा निम्मे करावे. असे ९६ वेळा केले की शेवटी एक उरतो. मधल्या कोणत्याही टप्प्यावर अपूर्णांक येत नाही. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही संख्या म्हणजे २ चा ९६ वा घात होय.

हे तीन प्रकार एकमेकांचे साक्षीदार आहेत. बादालला ३२ वेळा निम्मे करता येते, एकट्ठीला ६४ वेळा. दोहोंचा गुणाकार केला की छेदांची बेरीज होते: ३२ आणि ६४ मिळून ९६. वर्गांची रीत आणि छेदांची रीत एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, आणि स्थानांची रीत दोहोंवर नजर ठेवते.

अर्धच्छेद आणि वर्गशलाका

एखाद्या संख्येला एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मे करता येते, त्या वेळांना अर्धच्छेद म्हणतात. आचार्य वीरसेन यांनी इ.स. ८१६ मध्ये पूर्ण केलेल्या धवला टीकेत या अर्धच्छेदांचा वापर मोठ्या प्रमाणावर आढळतो. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अवयवांच्या अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचे म्हणजे वजाबाकी, हे नियम तेथे स्पष्ट आहेत. त्रिकच्छेद, म्हणजे तीनने भागण्याच्या वेळा, आणि चतुर्थच्छेद यांचाही विचार तेथे केलेला आहे. अर्धच्छेदांचेही अर्धच्छेद काढले की त्यांना वर्गशलाका म्हणतात. बादालचे अर्धच्छेद ३२ आणि ३२ चे अर्धच्छेद ५. म्हणून बादालची वर्गशलाका ५, म्हणजेच तो पाचवा वर्ग. एकट्ठीची वर्गशलाका ६.

मनुष्यराशीचे अर्धच्छेद ९६. आता ९६ ला निम्मे करीत गेले तर ४८, २४, १२, ६, ३ येतात आणि तीनपाशी गाडी अडते. याचा अर्थ असा, की मनुष्यराशी वर्गांच्या त्या माळेत कोठेही बसत नाही. ती सहाव्या वर्गाच्या वर आहे आणि सातव्या वर्गाच्या खाली आहे. मात्र तिचे एक दुसरे घर आहे. दोनऐवजी दोनचा घन म्हणजे ८ घेऊन वर्ग करीत जावे: ८, ६४, ४,०९६, १,६७,७७,२१६, २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ आणि यानंतरचे पद म्हणजे हीच मनुष्यराशी. त्रिलोकसारात आचार्य नेमिचंद्रांनी संख्यांच्या चौदा धारा वर्णिल्या आहेत. त्यांतील द्विरूपवर्गधारा ही दोनच्या वर्गांची माळ आणि द्विरूपघनधारा ही आठच्या वर्गांची माळ होय. बादाल व एकट्ठी पहिल्या धारेतील पदे आहेत, आणि त्यांचा गुणाकार दुसऱ्या धारेत जाऊन पडतो. याचे कारणही सोपे आहे. एकट्ठी म्हणजे बादाल गुणिले बादाल. त्याला पुन्हा बादालने गुणले की बादालचा घन होतो.

अर्धच्छेद म्हणजे आजचा दोन या पायाचा लघुगणक होय. युरोपात स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी लघुगणकावरील ग्रंथ १६१४ साली प्रसिद्ध केला. यावरून लघुगणकाचा शोध नेपियरच्या आठशे वर्षे आधी लागला होता, असे विधान पुष्कळदा उत्साहाने केले जाते. येथे थोडे सावध राहणे हितकारक आहे. बेरीज-गुणाकाराचा मूळ संबंध धवलेत निःसंशय आहे, आणि हे श्रेय लहान नाही. परंतु नेपियरने प्रत्येक संख्येचे लघुगणक मिळावेत आणि लांबलचक गुणाकार टळावेत यासाठी कोष्टके रचली. धवलेतील अर्धच्छेदांचा उद्देश राशींचे मोजमाप व तुलना हा होता. दोन्ही कार्ये आपापल्या जागी थोर आहेत. आचार्यांचा गौरव करण्यासाठी त्यांनी न केलेले काम त्यांच्या नावावर चढविण्याची आवश्यकता नाही. सत्य हे महाव्रतही आहे आणि अणुव्रतही. ते गणितालाही लागू आहे.

संख्येच्या अंगचे गुण

या राशीचा पहिला गुण तिची शुद्धता हा होय. तिला भागणारी मूळ संख्या एकच, ती म्हणजे दोन. एकपासून ती स्वतःपर्यंत तिचे एकूण ९७ विभाजक आहेत: १, २, ४, ८ असे दुपटीने वाढत जाणारे. तिला स्वतःला वगळून उरलेल्या ९६ विभाजकांची बेरीज केली, तर ती मूळ राशीपेक्षा बरोबर एकने कमी भरते.

दुसरा गुण घातांचा. ९६ या संख्येचे विभाजक बारा आहेत: १, २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ३२, ४८ आणि ९६. म्हणून मनुष्यराशी एकाच वेळी पूर्ण वर्ग आहे, पूर्ण घन आहे, ६५,५३६ चा सहावा घात आहे, ४,०९६ चा आठवा, २५६ चा बारावा, ६४ चा सोळावा, १६ चा चोविसावा, ८ चा बत्तिसावा आणि ४ चा अठ्ठेचाळिसावा घात आहे. एकाच रत्नाला अनेक पैलू असावेत, तसे हे आहे.

तिसरा गुण शेजाऱ्यांचा. मनुष्यराशीला दोनखेरीज कोणतीही मूळ संख्या भागत नाही. पण तिच्यातून केवळ एक वजा केला की चित्र पालटते. उरलेल्या संख्येला ३, ५, ७, १३, १७, ९७, २५७ आणि ६५,५३७ या सर्व मूळ संख्या निःशेष भागतात. यांपैकी ९७ चे कारण विशेष रंजक आहे. फ्रान्समधील गणिती फर्मा यांनी १६४० साली सांगितलेल्या नियमाप्रमाणे, एखाद्या विषम मूळ संख्येहून एकने कमी इतका दोनचा घात घेतला, तर त्या मूळ संख्येने भागल्यावर एकच उरतो. ९७ ही मूळ संख्या आहे आणि घात ९६ आहे. म्हणून बाकी एक.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. आकाराने मोठी असलेली प्रत्येक संख्या अशी एकरस नसते. शीर्षप्रहेलिका ही आगमातील कालगणनेची प्रसिद्ध राशी घ्यावी. ८४ लाखांचा अठ्ठाविसावा घात, एकूण १९४ अंक. म्हणजे मनुष्यराशीच्या तुलनेत कल्पनातीत मोठी. परंतु ८४ लाखांत दोनबरोबर तीन, पाच आणि सात हेही अवयव आहेत. तिला १९६ वेळा निम्मे करता येते आणि मग एक विषम संख्या आडवी येते. एकपर्यंत पोहोचता येत नाही. मनुष्यराशी लहान असूनही अखेरच्या एकपर्यंत सरळ उतरते.

अंकांची राखण

मुद्रणकला येण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरवले जात. एकोणतीस अंकांत एक अंक चुकला, दोन अंकांची अदलाबदल झाली, तर संपूर्ण राशी भ्रष्ट होते. हे टाळावे कसे? गोम्मटसारात यासाठी अक्षरसंकेत योजलेला आहे. क पासून झ पर्यंत १ ते ९, ट पासून ध पर्यंत १ ते ९, प पासून म पर्यंत १ ते ५, य पासून ह पर्यंत १ ते ८, आणि न, ञ व सुटे स्वर शून्य. या संकेताने एका गाथेत संपूर्ण राशी बांधली आहे. ती एककस्थानापासून डावीकडे वाचावयाची असते. गाथेची पहिली तीन अक्षरे त, ल, ली. म्हणजे ६, ३, ३. राशीच्या अखेरीस ३३६ आहेत. चौथे अक्षर न, म्हणजे शून्य. एकोणतीस अंकांत शून्य येते ते एवढ्या एकाच जागी. अखेरची दोन अक्षरे झ आणि सा, म्हणजे ९ आणि ७; आणि राशीचा आरंभ ७९ ने होतो. छंदात बांधलेले अक्षर गळले तर पाठ करणाऱ्याची जीभ अडखळते. अंक मात्र चुपचाप गळून जातो. म्हणून अंकाला अक्षराच्या आणि अक्षराला छंदाच्या स्वाधीन केले गेले.

आजच्या वाचकाला तपासणीची आणखी दोन साधने सहज उपलब्ध आहेत. सर्व अंकांची बेरीज करावी: ती १२७ येते. १, २ आणि ७ मिळून १०, आणि १ व ० मिळून १. अर्थात नवाने भागल्यास बाकी एक. दुसरीकडे, २ चा सहावा घात ६४ हा नवाने भागल्यास एक उरतो. ९६ म्हणजे सोळा वेळा सहा. म्हणून ९६ व्या घातालाही बाकी एकच हवी. दोन्ही जुळतात. परंतु अंकांची जागा बदलली तर बेरीज बदलत नाही, ही या परीक्षेतील उणीव. त्यासाठी एककस्थानापासून एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा घ्याव्यात. त्या ७९ आणि ४८ येतात. वजाबाकी ३१, अकराने भागल्यास बाकी ९. दोनचा दहावा घात १,०२४ अकराने भागल्यास एक उरतो. म्हणून ९६ व्या घाताची बाकी सहाव्या घाताइतकी, म्हणजे ६४ ची बाकी, आणि तीही ९. शेजारच्या दोन भिन्न अंकांची अदलाबदल झाली असती तर ही परीक्षा तत्काळ फसली असती.

आणि सर्वांत खात्रीची परीक्षा सूत्रातच सांगितलेली आहे: शहाण्णव वेळा निम्मे करावे. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या पाठशाळेतील मुलाला हे दीड-दोन तासांचे काम आहे. एकही अंक चुकला असेल तर शेवटी एक उरणार नाही.

मोजणे आणि निम्मे करणे

या ठिकाणी या राशीचा सर्वांत मोलाचा धडा समोर येतो. सेकंदाला एक या गतीने कोणी रात्रंदिवस ही राशी मोजू लागला, तर त्याला लागणारी वर्षे लिहिण्यास २२ अंक लागतील. आजचे विज्ञान विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानते. ते अवघे ११ अंकी आहे. मोजून ही राशी कोणाच्याही हाती लागणार नाही. पण निम्मे करण्याच्या मार्गाने ९६ पायऱ्या उतरल्या की काम संपते. जे मोजण्याच्या आटोक्यात नाही ते विचाराच्या आटोक्यात असू शकते. प्राचीन आचार्यांनी राशींना अर्धच्छेदांनी ओळखले, त्यामागील कारण हेच होय.

म्हणूनच जैन गणितात ही राशी ‘संख्येय’ कोटीत गणली जाते. संख्येय, असंख्येय आणि अनंत या तीन पायऱ्या आहेत. एकोणतीस अंक पाहून सामान्य माणूस ‘असंख्य’ म्हणून मोकळा होतो. आचार्य तसे म्हणत नाहीत. अवाढव्य असणे वेगळे आणि अगणित असणे वेगळे, हा विवेक त्यांनी कसोशीने पाळला. आणि या विवेकातच एक धार्मिक आशय दडलेला आहे. चार गतींच्या राशी सांगताना देव व नारकी असंख्यात, तिर्यंच अनंत, आणि पर्याप्त मनुष्य मात्र संख्यात सांगितले आहेत. मनुष्यभव दुर्लभ आहे हे वाक्य प्रवचनात नेहमी कानी पडते. या राशीच्या संदर्भात ते केवळ उपदेशाचे वाक्य राहत नाही. चारांपैकी ज्या एका गतीत पर्याप्त जीवांची गणती अंकांत लिहून संपते, ती ही गती.

येथे एक प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या गणनेनुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी पृथ्वीवरील लोकसंख्या ८०० कोटी झाली. दोनचा तेहतिसावा घात ८५८ कोटींहून अधिक आहे. म्हणजे साऱ्या जगाची माणसे तेहतीस दुपटींच्या आत मावतात. मग उरलेल्या त्रेसष्ट दुपटी कोठे आहेत? याचे उत्तर असे की, शास्त्रातील मनुष्यराशी ही ४५ लाख योजनांच्या अढाईद्वीपाची, म्हणजे जैन लोकरचनेतील संपूर्ण मनुष्यक्षेत्राची आहे. ती आजच्या भूगोलाची जनगणना नव्हे. तिला शिरगणतीशी जुळवण्याचा खटाटोप शास्त्रालाही न्याय देत नाही आणि विज्ञानालाही नाही.

ग्रंथांतरीचा भेदही लपविण्याचे कारण नाही. षट्खंडागमात पर्याप्त मनुष्यांसाठी दोन मर्यादा येतात: सहाव्या वर्गाच्या वर व सातव्याच्या खाली, आणि कोडाकोडाकोडीच्या वर व कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली. पहिल्या मर्यादेत ही राशी बसते. दुसरी मर्यादा म्हणजे एक कोटीचा चौथा घात, एकावर अठ्ठावीस शून्ये. आणि प्रस्तुत राशी त्याच्या जवळजवळ आठपट आहे. हा भेद गणिताने उघड होतो आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. वीरसेनाचार्यांचाच आदर्श येथे समोर आहे. लोक वर्तुळाकार घेर असलेला मानला तर त्याचे घनफळ सुमारे १६४ घनरज्जू इतकेच भरते, ३४३ भरत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष गणित करून दाखविले आणि त्या आधारे प्रचलित मताचे खंडन केले. परीक्षा ही श्रद्धेची शत्रू नाही, हे सांगण्यासाठी याहून मोठा दाखला कोणता?

आजच्या जगात तीच संख्या

ज्यांना वाटते की अशा राशींचा व्यवहाराशी संबंध नाही, त्यांनी संगणकाकडे पाहावे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा होता. म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे नेमका बादाल. ते पुरेनासे झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. नवी पद्धत १२८ बिटांची आहे. म्हणजे तिच्यातील पत्ते सातव्या वर्गाइतके. नवी पद्धत जुनीपेक्षा किती पटीने मोठी? सातव्या वर्गाला पाचव्या वर्गाने भागावे. १२८ मधून ३२ वजा केले, उरले ९६. उत्तर हीच मनुष्यराशी. अर्थात आचार्यांना संगणक दिसला होता असा याचा अर्थ नाही. दोनच्या घातांचा विचार जो कोणी नेटाने करील, त्याला याच वाटेवरून जावे लागते, एवढाच याचा अर्थ.

महाराष्ट्राचे या विद्येला मोठे योगदान आहे. मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जतन झालेली धवला टीका डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून प्रकाशित होऊ लागली. पहिला खंड १९३९ साली निघाला आणि पुढे एकूण सोळा खंड पूर्ण झाले. चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणिती डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लिहिलेल्या निबंधामुळे हा विषय विद्वानांसमोर आला. त्याआधी १९२९ साली कलकत्त्याचे विभूतिभूषण दत्त यांनी जैन गणितपरंपरेवर लेख लिहिला होता. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला. या ग्रंथात एकपासून महाक्षोभपर्यंत चोवीस स्थानांची नावे आहेत. मनुष्यराशी त्याही पलीकडे पाच स्थाने जाते. जेथे नावे संपतात तेथे अर्धच्छेद कामी येतात.

शहाण्णव पिढ्या

समारोपापूर्वी या राशीचे आणखी एक रूप पाहणे उचित होईल. प्रत्येक मनुष्याला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागील पिढीत आठ. पिढीमागे दुप्पट. भगवान महावीरांचे निर्वाण परंपरेने इ.स.पू. ५२७ मध्ये मानले जाते. त्याला २,५५० वर्षे २०२३-२४ मध्ये पूर्ण झाली. एका पिढीला सरासरी साडेसव्वीस वर्षे धरली, तर भगवंतांच्या काळापर्यंत सुमारे ९६ पिढ्या होतात. म्हणजे त्या काळी प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांची स्थाने किती? दोनचा ९६ वा घात. बरोबर ही मनुष्यराशी.

आता विचार करावा. त्या काळी पृथ्वीवर एवढी माणसे नव्हती, आणि आजवर जन्मलेल्या सर्व मानवांचा अभ्यासकांनी केलेला अंदाजही बारा अंकांच्या आसपास आहे. एकोणतीस अंकांची स्थाने, आणि ती भरावयास माणसे इतकी थोडी. याचा एकच अर्थ होतो: तेच तेच पूर्वज एकाच वंशवृक्षात पुन्हा पुन्हा, कोट्यवधी वाटांनी येतात, आणि शेजाऱ्याच्या वंशवृक्षातही तेच येतात. गोत्र, आम्नाय, भाषा, गाव यांच्या भिंती कितीही उंच बांधल्या तरी शहाण्णव पिढ्यांचे गणित त्या भिंती ओलांडून जाते. या सभागृहात डावीकडे बसलेला आणि उजवीकडे बसलेला यांचे पूर्वज वेगवेगळे आहेत, असे म्हणण्यास अंकांची अनुमती नाही. जीवांचे परस्पर उपकार हा जैन तत्त्वज्ञानाचा गाभा आहे. त्याला गणिताने दिलेली ही साक्ष आहे.

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत मंदिर, पाठशाळा, ग्रंथालय अशी अनेक कामे उभी राहतात. त्यांच्या जोडीला एक छोटासा उपक्रम सहज करता येईल. पाठशाळेतील मुलांना ही एकोणतीस अंकांची राशी द्यावी आणि शहाण्णव वेळा निम्मे करावयास सांगावे. काहींची चूक साठाव्या पायरीवर होईल, काहींची नव्वदाव्या. ती त्यांची त्यांनीच शोधावी. ज्याच्या वहीत अखेरच्या ओळीवर एक उमटेल, त्याला आगमातील संख्या पुन्हा कधीही केवळ वाचून सोडून द्यावीशी वाटणार नाही; आणि ती न तपासता खोटी म्हणण्याचे धाडसही तो करणार नाही. स्वाध्याय या शब्दाचा याहून नेमका अर्थ क्वचितच सापडेल.

जय जिनेंद्र!